कोरियन शिकताय? आधी 'बाप्' नीट शिजू द्या

कोरियन भाषेच्या पहिल्या पुस्तकात अगदी सुरुवातीच्या पानांवर 'बाप्' हा शब्द भेटतो. समोर अर्थ दिलेला असतो: भात. आपण तो वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून लागले तेव्हा माझ्या वहीतही तेवढंच होतं. मग कानावर वाक्यं येऊ लागली. एक अभियंता दुसऱ्याबद्दल म्हणाला, 'तो तर माझा भात आहे.' कुणी फोनवर म्हणत होतं, 'असं झालं तर आमचा भाताचा दोर तुटेल.' एक वरिष्ठ एका नव्या मुलाचं कौतुक करत होते, 'हा आपल्या भाताची किंमत करतो.' प्रत्येक शब्द कळत होता, वाक्य मात्र एकही कळत नव्हतं.

हा लेख त्याच टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे: मालिका बघून कोरियन शिकायला घेतलेली मुलं, कोरियन साहेबांबरोबर काम करणारे, तिकडे शिकायला निघालेले. 'बाप्' हा एक शब्द नीट समजला तर निदान शंभर वाक्यांची दारं उघडतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून घाई न करता, पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी: ओठ मिटा आणि मिटलेलेच ठेवा

देवनागरीत लिहिलं की हा शब्द आपल्या 'बाप'सारखा दिसतो, पण उच्चार तसा नाही. सुरुवातीचा ध्वनी 'ब' आणि 'प' यांच्या मधला आहे. कोरियन माणूस निवांत बोलत असेल तर आपल्याला तो चक्क 'पाप' ऐकू येतो. 'आ' आपल्यापेक्षा आखूड. आणि शेवटी ओठ मिटले की उघडायचेच नाहीत. आपण 'बाप' म्हणताना शेवटी हवेचा छोटासा फुटका आवाज करतो. तो इथे नको. म्हणून मी तो पाय मोडून लिहिते: बाप्.

पुढची गोष्ट मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्यांना सोपी जावी. 'अप् + मय = अम्मय' ही संधी आठवते? पुढे 'म' आला की 'प्' स्वतःच 'म्' होतो. कोरियनमध्ये हेच घडतं. 'बाप्' आणि 'मॉक्ता' (खाणे) एकत्र आले की 'बाम् मॉक्ता'. आणि 'वाक् + ईश्वरी = वागीश्वरी' होताना जसा 'क्' मऊ पडतो, तसा 'बाप्'ला कर्त्याचा 'ई' प्रत्यय लागला की 'बाबी'. म्हणजे बोलण्याच्या ओघात तुम्हाला 'बाप्' क्वचितच ऐकू येईल. 'बाम्', 'बाब्', आणि जोडशब्दांत शेवटी आला तर बरेचदा कडक 'पाप्' ऐकू येईल, जसं 'बिबिम्पाप्'. तिन्ही एकच. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या नियमावर पानंच्या पानं खर्च करतात. आपल्याकडे तो नववी-दहावीच्या संस्कृतात आधीच आहे, तो वापरा.

दुसरी पायरी: शेतातलं, पोत्यातलं, ताटातलं

इथेही माझा आग्रह आहे की हा शब्द मराठीतूनच शिकावा. इंग्रजीत शेतातल्या रोपालाही, पोत्यातल्या दाण्यालाही आणि शिजलेल्या अन्नालाही सरसकट एकच शब्द चालतो. कोरियनमध्ये तीन वेगळे शब्द आहेत: शेतात उभी ती 'ब्यॉ', कांडून पोत्यात भरलेले ते 'स्साल्' आणि शिजला की 'बाप्'. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. फरक एवढाच की कोकणात आपण 'भाताची लावणी' म्हणतो, शेतातल्या पिकालाही भात म्हणतो. 'बाप्' मात्र शेतात कधीच उभा राहत नाही. त्याला चूल लागते.

आणि तो तांदळाचाच असला पाहिजे असंही नाही. जवाचा 'बोरिबाप्' असतो. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पाच धान्यांचा 'ओगोक्पाप्' करतात. धान्य पाण्यात शिजलं, पाणी आटलं आणि दाणा शाबूत राहिला की तो 'बाप्'. पाणी जास्त होऊन दाणा विरघळला तर ती 'जुक्', म्हणजे आपली पेज. ही सीमारेषा लक्षात ठेवा, कारण तिच्यावर एक रोजच्या वापरातला वाक्प्रचार उभा आहे: 'जुक्तो बाप्तो आन् द्वेन्दा', ना धड पेज झाली ना धड भात. अर्धवट सोडलेल्या कामाबद्दल वरिष्ठ असं म्हणाले तर ते जेवणाबद्दल बोलत नाहीत हे ओळखा.

भांड्याच्या तळाशी लागलेली खरवड म्हणजे 'नुरुंग्जी'. त्यात पाणी घालून उकळलं की 'सुंग्न्युंग्', जेवणानंतर प्यायचं गरम, खमंग पाणी. खरवडीसाठी भांडणं झालेल्या घरात वाढलेल्या कुणालाही हे शब्द एकदा ऐकून पाठ होतील.

आता क्रियापद. कोरियन माणूस भात 'करतो' असंही म्हणतो, पण जुनं, खास क्रियापद आहे 'जित्ता'. हेच क्रियापद घर बांधायला, कपडे शिवायला, शेती करायला, काढा-औषध तयार करायला आणि कविता रचायला वापरतात. म्हणजे भात हा घरासारखा उभारायचा असतो आणि कवितेसारखा रचायचा. मला ही जोडणी कळली त्या दिवशी मी वहीतला 'भात' हा अर्थ खोडला आणि त्या जागी एक रिकामं पान सोडलं. तुम्हीही तसंच करा. 'बाप्'साठी एक ओळ पुरत नाही.

तिसरी पायरी: कुणाचं जेवण, त्यावर शब्द ठरतो

'बाप्'चा दुसरा अर्थ जेवण. समोर शेवयांचा वाडगा असला तरी माणूस 'बाम् मॉगॉस्सॉ?' असंच विचारतो, जेवलास का? आपण पोळी-भाजी खाऊनही 'जेवलो' म्हणतो, तसंच. पण मराठीत आदर क्रियापदात दिसतो: जेवलास, जेवलात. कोरियनमध्ये क्रियापद तर बदलतंच, शिवाय नामही बदलतं.

मित्राला, धाकट्याला 'बाप्'. कार्यालयात, वरिष्ठांना, ग्राहकांना 'शिक्सा'. हा चिनी मुळाचा शब्द आहे, आणि आपल्याकडे 'जेवण' व 'भोजन' यांच्यात जो फरक जाणवतो तोच इथे जाणवतो. वृद्धांना, विशेषतः आजी-आजोबांना 'जिन्जी'. पूर्वी राजाच्या ताटाला 'सुरा' म्हणत. ऐतिहासिक मालिकांत हा शब्द सारखा येतो. आणि पूर्वजांच्या स्मरणविधीत, 'जेसा'त, मांडलेल्या भाताला 'मे' म्हणतात.

या शेवटच्या शब्दावरून एक व्यवहाराची गोष्ट. जेसाच्या वेळी पूर्वजांसाठी भातात चमचा उभा खोवतात. म्हणून जिवंत माणसाच्या वाडग्यात चमचा किंवा जेवायच्या काड्या उभ्या खोवून ठेवू नका. पिंडाचा भात आपल्या पंगतीत कुणी मांडला तर जसं मन चरकेल, तसं त्यांचं चरकतं. भात चमच्यानं खातात, वाडगा हातात उचलत नाहीत, आणि सगळ्यांत वडील माणसानं चमचा उचलल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. एवढं सांभाळलंत तर बाकीच्या चुका प्रेमाने पोटात घातल्या जातात.

घरातल्या तान्ह्या बाळाच्या जेवणाला काय म्हणतात ते मात्र शिकवायला नको. 'मम्मा'. आपल्याकडच्या 'मंमं'ची सख्खी बहीण वाटावी.

चिनी मुळाचं भाताचं रूप 'बान्' असंही ठिकठिकाणी दिसेल. 'बान्छान्', म्हणजे भाताबरोबरची तोंडीलावणी, यातला 'बान्' तोच. १९९६ साली बाजारात आलेल्या तयार भाताच्या डब्याचं नाव 'हेत्बान्', म्हणजे नव्या हंगामाचा भात, त्यातलाही तोच. वसतिगृहात राहायला जाणाऱ्यांची या डब्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख होते.

चौथी पायरी: 'जेवलास का?' याचं उत्तर द्यायला शिका

कामावर दुपारी दीड-दोनच्या सुमारास आमचे विभागप्रमुख समोरून आले की विचारायचे, 'शिक्सा हाशॉस्सॉयो?' मी मनापासून सांगायचे: आज डब्यात मेथी होती, आईनं ताक पाठवलं होतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. काही दिवसांनी कळलं की हा प्रश्न आपल्या 'काय, बरं चाललंय ना?' याच्या जवळचा आहे. उत्तर छोटं द्यायचं आणि प्रश्न परत करायचा: 'ने, मॉगॉस्सॉयो' (हो, जेवले), आणि मग त्यांना विचारायचं, तुमचं झालं का? जेवला नसलात तरी 'आता जाणारच आहे' म्हणा. नुसतं 'नाही' म्हणालात तर समोरच्याला काळजी लागते आणि तो तुम्हाला खरोखर जेवायला घेऊन जातो. खेड्यात कुणी ओट्यावरून 'झालं का जेवणखाण?' असं विचारतं तेव्हा आपणही काय जेवलो ते सांगत बसत नाही, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

ही विचारपूस भाताभोवतीच का फिरते याला कारण आहे, आणि ते फार जुनं नाही. शरद ऋतूत कापलेला तांदूळ वसंत येईपर्यंत संपायचा आणि जव उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचा. मधल्या उपासमारीच्या दिवसांना 'बोरित्कोगे' म्हणत, जवाची खिंड. ती चढून पलीकडे जायचं म्हणजे जिवंत राहायचं. आज ज्या कोरियन माणसांचे नातू हातात नवे फोन घेऊन फिरतात त्यांनी ही खिंड स्वतः चढलेली आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत तांदूळ पुरत नव्हता म्हणून सरकार लोकांना जव आणि गहू मिसळून खायला सांगत होतं. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात पुरेसा जव आहे का हे शिक्षक तपासत. मग १९७० च्या दशकात 'थोंगिल्' नावाचं भरघोस पिकणारं वाण आलं. त्याच्या चवीवर लोक नाराज होते, पण १९७७ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला.

आता उलट झालं आहे. १९७० मध्ये दर माणशी वर्षाला १३६ किलोंहून अधिक तांदूळ लागायचा. २०२४ मध्ये तो आकडा ५५.८ किलोंवर आला. पाव आणि शेवया आल्या, न्याहारीचा भात गेला. पण भाषेतला 'बाप्' एका दाण्यानंही कमी झालेला नाही. आई परगावच्या मुलाला फोनवर आजही आधी हेच विचारते: नीट जेवतोस ना? त्या प्रश्नात तब्येत, पैसा, एकटेपणा, सगळं येतं. ती माया ओळखा आणि उत्तर देताना आवाज मऊ ठेवा.

याच पायरीवर आमंत्रणांचं बघून घेऊ. 'ऑन्जे बाप् हान्बॉन् मॉक्चा', कधीतरी एकदा जेवू या. हे वाक्य निरोप घेताना म्हणतात. आपल्या 'या एकदा घरी'सारखं ते आहे. खोटं नाही, पण तारीख ठरवून म्हटलेलंही नाही. लगेच दैनंदिनी काढू नका. 'हो, नक्की' म्हणा. वार आणि वेळ आली तरच ते आमंत्रण. याउलट 'नेगा बाप् साल्के' म्हणजे मी भात विकत घेतो, अर्थात आज जेवण माझ्याकडून. हे खरं असतं. वयानं किंवा हुद्द्यानं मोठा माणूस सहसा पैसे देतो. हिसकाहिसकी करू नये. जेवणानंतरची कॉफी तुम्ही पाजा, ते रीतीला धरून होतं.

पाचवी पायरी: भाताचा वाडगा म्हणजे पोटपाणी

इथून लाक्षणिक अर्थ सुरू होतात, आणि हे आपल्याला फार परके नाहीत. मराठी माणूस पोटावरून बोलतो, कोरियन माणूस भातावरून.

'बाप्चुल्', भाताचा दोर, म्हणजे उपजीविकेचं साधन. तो दोर तुटणं म्हणजे आपल्याकडे पोटावर पाय येणं. 'बाप्पॉरी' म्हणजे भात कमावणं, पोटापाण्यापुरतं मिळवणं. यात थोडा दमलेपणाचा सूर असतो. 'बाप्कुरुत्' म्हणजे भाताचा वाडगा, पण बातम्यांत 'बाप्कुरुत् स्साउम्', वाडग्याची लढाई, असं आलं की दोन खाती किंवा दोन व्यवसाय आपापल्या हक्काच्या मिळकतीसाठी भांडत आहेत असं समजा. 'छॉल्बाप्थोंग्', लोखंडी भाताचं भांडं, म्हणजे कधीच न जाणारी नोकरी. सरकारी नोकरीबद्दल हे म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या स्वरावरून त्यात हेवा आहे की टीका ते ठरतं.

आणि सुरुवातीला सांगितलेली 'भाताची किंमत'. 'बाप्काप्'चा साधा अर्थ जेवणाचे पैसे. पण 'बाप्काप् हादा' म्हणजे खाल्लेल्या भाताचं मोल चुकवणं, आपल्या वाट्याचं काम चोख करणं. आपल्या 'खाल्ल्या मिठाला जागणे' यात निष्ठा मोठी आहे. इथे काम मोठं आहे. वरिष्ठांनी हे तुमच्याबद्दल म्हटलं तर आनंद माना. स्वतःबद्दल नम्रपणे म्हणायलाही हा वाक्प्रचार उत्तम आहे: निदान भाताची किंमत तरी चुकवायला हवी.

अडखळलात तर एक युक्ती: 'बाप्' ऐकू आला की पुढच्या क्रियापदाकडे कान द्या. 'जित्ता' आलं तर स्वयंपाकघर. 'मॉक्ता' आलं तर जेवण. 'सादा' (विकत घेणे) आलं तर पाहुणचार. 'जुदा' (देणे) आलं तर बहुधा जनावराचं खाणं. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देणंही 'घड्याळाला भात देणं'च. आणि 'मॉक्ता'च्या पुढे 'तुशी' हा 'प्रमाणे' अर्थाचा तुकडा लागला, म्हणजे 'बाम् मॉक्तुशी', तर 'भात खाल्ल्यासारखं', अर्थात रोजच्या रोज, सहज. 'तो भात खाल्ल्यासारखं खोटं बोलतो' हे वाक्य मालिकांत हमखास सापडेल.

सहावी पायरी: भात कसा आहे, कुठे खाल्ला

भाताच्या आधी जो शब्द जोडला जातो तो माणसाची अवस्था सांगतो. ही माझी सर्वांत आवडती शाखा आहे.

'छान्बाप्' वाचून मराठी मनाला छान वाटेल, पण 'छान्' म्हणजे गार. गार भात, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याची अवस्था. नव्या साहेबांच्या येण्याने जुना माणूस बाजूला पडला की तो 'गार भात' झाला. याचाच एक वाक्प्रचार: गार भात की गरम भात अशी निवड करण्याची ही वेळ नाही. याला मराठीत अगदी नेमकी म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.

'हान्सोत्पाप्', एकाच हंड्यातला भात. तो एकत्र खाल्लेली माणसं म्हणजे एका घरची, एका चमूची, एका कंपनीची. दोन खेळाडू पुन्हा एका संघात आले की वर्तमानपत्र म्हणतं, ते आता एका हंड्यातला भात खाणार. आपण 'एका ताटात जेवलेले' म्हणतो. त्यांचं लक्ष ताटावर नसून हंड्यावर आहे, कारण तिथे प्रत्येकाचा वाडगा वेगळा आणि हंडा सामायिक.

'नुन्छित्पाप्' समजायला आधी 'नुन्छी' समजावी लागते: दुसऱ्याच्या मनातलं चेहऱ्यावरून ओळखण्याची जाण. नुन्छीचा भात म्हणजे घरधन्याच्या चेहऱ्याकडे बघत, संकोचून गिळलेला घास. मामाकडे, काकाकडे शिकायला राहिलेल्या पिढ्या आपल्याकडेही आहेत. त्यांना हा शब्द सांगितला तर ते क्षणभर गप्प होतात. माझ्या आत्याला सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'ह्याला त्यांच्याकडे शब्द आहे होय.'

'खोंग्बाप्', कडधान्य घातलेला भात, घरी पौष्टिक म्हणून आवडीनं करतात. पण 'तो खोंग्बाप् खाईल' म्हणजे तुरुंगाची हवा खाईल. एके काळी कैद्यांना असा भात मिळायचा. 'च्चाम्पाप्' म्हणजे लष्करी खाणावळीतलं जेवण. मूळ अर्थ उरलंसुरलं अन्न. दक्षिण कोरियात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते, भूदलात सध्या १८ महिने, त्यामुळे जवळपास प्रत्येक पुरुषाने तो भात खाल्लेला असतो. तिथून अर्थ सरकला आणि 'च्चाम्पाप्' म्हणजे एखाद्या कामात घालवलेली वर्षं, मुरलेपण, असं झालं. कारखान्यातल्या वयस्क फोरमनबद्दल आदराने म्हणतात, त्याने इथला पुष्कळ भात खाल्लाय.

'जिप्पाप्' (घरचं जेवण) आणि 'होन्बाप्' (एकट्याने जेवणं) हे आजच्या पिढीचे शब्द. दुसरा गेल्या काही वर्षांत इतका रुळला की खाणावळींत एकट्यासाठी वेगळी आसनं दिसतात.

सातवी पायरी: हे शब्द ओळखा, पण वापरू नका

'नॉन् ने बाबिया', तू माझा भात आहेस. म्हणजे तुला मी सहज खाऊन टाकीन, तू माझ्यापुढे किस झाडकी पत्ती. खेळात मित्र एकमेकांना म्हणतात. नवख्याने म्हटलं की अपमान होतो. कुणाला 'भात समजणं' म्हणजे त्याच्या मऊपणाचा गैरफायदा घेणं.

'बाप्थोंग्' हे भाताचं भांडं. पण माणसाला म्हटलं की मठ्ठ.

सगळ्यांत सांभाळायचा शब्द 'बाम्मात्', भाताची चव. 'बाम्मात् ऑप्ता' याचा जुना अर्थ जेवणावर वासना नसणं. पण एखाद्या माणसाबद्दल म्हटलं की अर्थ होतो, हा बघितला की जेवण नकोसं होतं, इतका तो किळसवाणा. पुढे तर 'नाही' हा भागही गळला आणि नुसतं 'तो बाम्मात् आहे' म्हटलं तरी तोच वाईट अर्थ. म्हणून आजारपणात भूक नसेल तर हा शब्द टाळा आणि 'इम्माशी ऑप्सॉयो' म्हणा, तोंडाला चव नाही. ज्यांच्या घरी पाहुणे आहात त्यांच्यासमोर हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आठवी पायरी: चुलीवरच्या म्हणी

भात शिजला की आच बंद करून झाकण न काढता वाफ मुरू देतात. त्याला 'त्तुम् दुरिदा' म्हणतात. आणि जो माणूस महत्त्वाची गोष्ट सांगायच्या आधी आढेवेढे घेतो त्यालाही हेच: किती वाफ मुरवतोस, बोल की! बैठकीत हे ऐकलंत तर मुद्द्यावर या.

'दा द्वेन् बाबे जे प्पुरिगी', तयार झालेल्या भातावर राख टाकणं. आपला हातातोंडाशी आलेला घास जातो, त्यांच्या शिजलेल्या भातात राख पडते. फरक असा की त्यांच्या म्हणीत राख टाकणारा कुणीतरी आहे, त्यामुळे दोष देताना ती वापरतात.

'कुम्गांग्सान्दो शिखुग्यॉंग्', कुम्गांग् पर्वताची शोभासुद्धा जेवणानंतर. आज उत्तर कोरियात असलेला हा डोंगर साऱ्या कोरियनांच्या मनात सौंदर्याची परिसीमा आहे. मराठी माणसाला याचं भाषांतर करून सांगावंच लागत नाही: आधी पोटोबा, मग विठोबा. सहलीला निघालेल्या कोरियन पाहुण्यांना मी ही मराठी म्हण समजावून सांगते तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात.

आणि दुःखाच्या प्रसंगी ऐकू येणारी एक: भाताचा चमचा खाली ठेवला. म्हणजे माणूस गेला. आपण दाणापाणी संपलं म्हणतो.

शेवटची पायरी: ज्या भाताला चूल लागत नाही

हे चार शब्द अधूनमधून भेटतील. 'थोप्पाप्', करवतीचा भात, म्हणजे लाकडाचा भुसा. 'शिल्पाप्', दोऱ्याचा भात: कपड्यावरची दोऱ्यांची टोकं आणि जखमेचे टाके. डॉक्टर 'शिल्पाप् काढू' म्हणाले तर घाबरू नका, टाके काढणार आहेत. 'क्काछिबाप्', कावळ्याच्या कुळातल्या, लांब शेपटीच्या 'क्काछी' पक्ष्यासाठी झाडाच्या शेंड्यावर मुद्दाम न तोडता ठेवलेली जपानी टेंभुर्णीची फळं. शिशिरात उघड्या फांदीवरची ती दोन केशरी फळं बघितलीत तर थोडं थांबा. आणि 'त्तॉक्पाप्', मासे पकडायचं पिठाचं आमिष. कोरियन गाण्यांच्या चाहत्यांनी हा शब्द आपल्याकडे ओढला आहे: कलाकाराने टाकलेला नवा फोटो, येणाऱ्या गाण्याची झलक, सगळं 'त्तॉक्पाप्'. मुंबई-पुण्यातल्या चाहत्यांच्या गटांत तो देवनागरीत लिहिलेलाही मी पाहिला आहे.

आता वहीतलं ते रिकामं पान काढा. मधोमध 'बाप्' लिहा, आणि रोज ऐकलेलं एकच पूर्ण वाक्य भोवती लिहा: कोण, कुणाला, कुठे म्हणालं यासकट. सुटा शब्द लिहू नका, तो दोन दिवसांत विसरतो. पान भरायला मला साधारण दीड महिना लागला.

आणि पहिल्या दिवशीच उपयोगी पडेल असं एक वाक्य आत्ताच पाठ करा. खाणावळीत भात झाकणाच्या छोट्या पोलादी वाडग्यात येतो, आणि भाताची सवय असलेल्या आपल्या पोटाला तो हमखास कमी पडतो. तेव्हा हात वर करून म्हणा: 'कोंगित्पाप् हाना दॉ जुसेयो.' आणखी एक वाडगा भात द्या. वाडगा तापलेला असतो, झाकण जपून उचला.